पूजेला ठेवलेला कोश

मित्रांनो, मी एक जुना कोश आहे. शब्दांची कुळं सांगणारा. पुण्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून मला छापलं आणि अरुण मास्तरांनी तरुणपणी मला घरी आणलं. वर्गातली मुलं म्हणायची, "सरांच्या कोशात सगळं असतं!" मी फुगून जायचो. मास्तर निवृत्त झाले, मी कपाटात गेलो आणि मला कसर लागली.

नेदरलँड्सला मुलाकडे निघताना मात्र मास्तरांनी बॅगेतून लाडवांचा डबा काढून मला कोंबलं. त्यांच्या पत्नी जयंतीबाई चार दिवस बोलल्या नाहीत. मुलाच्या गावी, डीमनला, पोचलो आणि करोनामुळे विमानंच थांबली. शाळाही बंद. नात सानिका माझ्या पानांवर बोट फिरवत मराठी वाचायला शिकली.

"आबा, डच 'वेटन' मीन्स टू नो."

"मग तो आपल्या 'विद्'चा चुलतभाऊ. विद्या, वेद त्याच घरचे. मूळ अर्थ पाहणं."

"अँड 'केनन'?"

"तो 'ज्ञा'च्या कुळातला. ज्ञान, जाण, जाणता. माणसाला ओळखतो ना आपण, ते केनन."

ऑक्टोबरात मास्तरांना इस्पितळात नेलं. भेटायला बंदी. खंडेनवमीला जयंतीबाईंनी मला पाटावर ठेवून सुपरमार्केटातली शेवंती वाहिली. पूजेतलं पुस्तक दसऱ्यापर्यंत उघडायचं नाही, ही त्यांच्या माहेरची रीत.

दुपारी मास्तर फोनवर दिसले. नाकात नळी होती.

"सानू, 'जाण'चं पान वाच गं. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"अहो, पूजेला ठेवलाय तो," जयंतीबाई म्हणाल्या. "उद्या वाचेल."

"सरस्वतीलाही क्वारंटाइन केलंस?" हसता हसता त्यांना ढास लागली. "बरं. उद्या."

मी हातभर अंतरावर होतो. पान माझ्याच पोटात होतं. पण मला आपणहून उघडता येत नाही.

दसऱ्याला सकाळीच कळलं, मास्तरांना औषधाने झोपवून श्वासाच्या यंत्रावर ठेवलंय. जयंतीबाईंनी फुलं ओरबाडून मला उचललं. तिकडे नर्सने फोन मास्तरांच्या कानाशी धरला. सानिका अडखळत वाचू लागली, "जाण... 'ज्ञा' धातूपासून... समज, ओळख..."

"अहो, ऐकताय ना?"

पलीकडून यंत्राचा श्वास तेवढा येत राहिला.

मास्तर परत आले नाहीत. "त्यांना ऐकू गेलं असेल का रे?" जयंतीबाई अजून माझ्यावर हात ठेवून विचारतात. जाणण्याचे सगळे अर्थ माझ्यापाशी आहेत, एवढं मात्र मला ठाऊक नाही.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा. पण घरातल्या कुणी 'वाच' म्हटलं, तर फुलं बाजूला सारा आणि त्याच क्षणी वाचा.