भोकाशेजारचा मिठाचा कण

माझ्या झाकणावर, भोकाच्या कडेला, मिठाचा एक कण चिकटला आहे. मोहरीपेक्षाही लहान. भोक अरुंद आहे. त्यातून सुई आत जाते, बोट जात नाही.

मित्रांनो, मी वापरलेल्या सुया टाकायचा जुना, जाड प्लॅस्टिकचा डबा आहे. सुरुवातीला मी एका दवाखान्यात, बाळांना लस देण्याच्या खोलीत होतो. तिथे सगळे मला जपत. पुढे नवे डबे आले आणि मी माळ्यावर गेलो. तिथून सुचिताताईंनी मला मुरुडला, बंदराजवळच्या त्यांच्या केंद्रात आणले.

इथे नशेची सुई टोचून घेणारी माणसे येतात. वापरलेली सुई माझ्यात टाकतात, नवी कोरी घेऊन जातात. एकाची सुई दुसऱ्याने वापरली तर रक्तातून एचआयव्ही पसरू शकतो, म्हणून ही अदलाबदल. इथे माझे कौतुक कोणी करत नाही. रस्त्यावरचे लोक तर आमचे दार टाळूनच जातात.

दानियाल आणि कैस एकाच होडीवर मासेमारी करतात आणि केंद्रात बरोबरच येतात. ताई दर वेळी रक्ततपासणीचे विचारत. दानियाल दर वेळी म्हणे, "पुढच्या खेपेला, ताई."

आज त्याने सुई माझ्यात टाकताना हा कण सांडला. ताईंनी तो पाहिला.

"समुद्राच्या पाण्यात धुतलीत?"

"होडीवर सुया संपल्या की एकच दोघं वापरतो. पण खळखळून धुतो हां! मीठ लावलेली मासळी महिनोन्‌महिने कुजत न्हाय, तिथं तुमचे जंतू काय जगणार?"

"ह्याच्या डोक्यातपण मीठच भरलंय, ताई," कैस म्हणाला. "म्हणून तर टिकलाय!"

ताईही हसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "मीठ मासळी टिकवतं, दानियालभाई. सुईच्या नळीत अडकलेलं रक्त त्यानं सुरक्षित होत नाही. तुमच्या बायकोला, जुनेराला, कितवा महिना?"

"पाचवा."

"लागण असली आणि आत्ता कळली, तर तुम्हा नवरा-बायकोला औषध आहे. बाळाची लागणही बहुतेक वेळा टळते. पण कळायला तर हवं."

दानियालने टोपी उचलली आणि तो दाराकडे निघाला.

मित्रांनो, वाटेत सुई पडलेली दिसली तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा. आणि सुई बदलायला येणाऱ्याला हिणवू नका. लाजून तो आलाच नाही, तर ती सुई माझ्यात न पडता दुसऱ्या कुणाच्या हातात जाते.

"पुढच्या खेपेला, काय रे?" कैसने विचारले.

दानियाल उंबऱ्यावर थांबला. माझ्याकडे, त्या पांढऱ्या कणाकडे त्याने पाहिले.

"न्हाय," तो म्हणाला. "ताई, आजच घ्या माझं रक्त. जुनेराला मी स्वतः सांगतो, आणि उद्या तिलाही घेऊन येतो."