भरल्या दुकानातली हाक

माझ्या भावाचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. मी जवळच एकटी राहते, पण दिवसभर त्यांच्याकडेच असते. त्याच्या मुलीला आम्ही मैना म्हणतो, कारण तिच्या तोंडाला खीळ म्हणून नव्हती. गिऱ्हाईक काम विसरून तिच्याशीच गप्पा मारत बसायचं.

ती मैना सोळाव्या वर्षी एकाएकी गप्प झाली. वर्गातल्या मुलींनी मोबाइलवर तिची टर उडवली होती आणि तिची जिवाभावाची मैत्रीणही त्यात सामील झाली होती. घरी कुणालाच पत्ता नव्हता. मी म्हणायची, "अभ्यासाचा ताण असेल."

एका दुपारी तिनं आपले रंग, ब्रश, सगळं धाकट्या भावाला देऊन टाकलं.

"तुला नकोत?" त्यानं विचारलं.

"मला आता काय करायचेत?"

वहिनी इस्त्री करत होती. तिनं इस्त्री बंद केली, धाकट्याला बाहेर खेळायला पिटाळलं आणि सरळ विचारलं, "मैना, मरायचे विचार येतात का गं तुझ्या मनात?"

मी तिथंच होते. मला वाटलं, असं कुणी विचारतं का! नसलेलं डोक्यात भरायचं! पण मैना भिंतीला टेकून खाली बसली. "येतात," ती म्हणाली. "रोज येतात."

वहिनी रागावली नाही. तिला जवळ घेऊन म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. आता हे ओझं तुझ्या एकटीचं नाही."

त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं, तिथून समुपदेशक बाईंकडे. आम्ही तिला एकटं सोडलं नाही. बाईंनी शिकवलं, की तो विचार लाटेसारखा चढतो आणि ओसरतोही. तोवर तोंडावर गार पाणी मारायचं, चालायचं आणि मुख्य म्हणजे कुणाला तरी सांगायचं.

"तेच तर अवघड आहे, आत्या," मैना म्हणायची. "तोंडातून शब्दच फुटत नाही."

पुढे शाळा उघडायच्या सुमारास गणवेशांची शिलाई सुरू झाली आणि मशीन दुरुस्तीला घेऊन आलेल्या शिंप्यांनी दुकान भरून गेलं. अशात मैना दारात आली. चेहरा पांढराफटक.

"बाबा, आज पुन्हा तसं झालंय."

 भावानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मंडळी, आता उद्या या."

"अहो, माझ्या मशीनचं काय?" एक शिंपी कुरकुरला.

"ते पायानं चालतं खरं, पण कुठं पळून जात नाही!" भाऊ म्हणाला.

मैनेच्या ओठांवर जरासं हसू आलं. बापलेक पार नदीपर्यंत चालत गेले, वाटेत बाईंना फोन केला. परतले तेव्हा तिला भूक लागली होती.

तसे दिवस नंतरही आले. दर वेळी तिनं कुणाला तरी सांगितलं. आता ती कॉलेजात जाते. लोक वहिनीच्या धीराचं कौतुक करतात, ते खरंच आहे. पण चार परक्यांसमोर स्वतःच्या जिवासाठी हाक मारायला केवढी छाती लागते!

गेल्या महिन्यात मला घर खायला उठलं होतं. बराच वेळ फोन हातात घेऊन बसले, मग मैनेला लावला.

"काही बोलू नकोस, आत्या," ती म्हणाली. "चप्पल घालतेय, आलेच."