एक्सरेचा खालचा अर्धा

माझं डोकं लवकर तापतं, हे मुलुंडच्या आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात शिपायापासून ट्रस्टींपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे केयूरने आल्या आल्या "शुभा मॅडम, रागावू नका हं" म्हटलं, तेव्हाच मी ओळखलं की वाट लागलीय.

केयूर आमच्या कॉम्प्युटर विभागाचा नवा प्रमुख, मी तिथली सगळ्यात जुनी प्रोग्रॅमर. जुन्या डेटाबेसमधले एक्सरे नव्या सिस्टीमवर न्यायचं काम त्याच्याकडे होतं. चाळीस हजार फोटो त्याने बाहेर काढले आणि एकूण एक अर्धवट निघाले. वर गळ्याचं हाड, दोन-तीन बरगड्या, आणि त्याखाली नुसता करडा पट्टा.

"डेटाच तसा भरलाय," तो म्हणाला. "शुक्रवारी जुना सर्व्हर बंद करू. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

"आणि शकुताईंचा?"

"तोही अर्धाच, मॅडम."

शकुताई आमच्या एक्सरे खात्यातल्या आया. तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्या, राहतात कांजूरला. पंधरा दिवसांपूर्वी खोकला दाखवायला आल्या, तर उजव्या फुप्फुसात अगदी खाली वाटाण्याएवढा डाग निघाला. डॉक्टर शर्मिष्ठा म्हणाल्या, जुना एक्सरे आणा. तेव्हाही डाग एवढाच असेल तर ती जुन्या आजाराची खूण, विसरून जायचं. तेव्हा नसेल तर ऑपरेशन. जुना मिळालाच नाही, तर सहा महिने थांबून पुन्हा फोटो काढू. फिल्म घरात होती, पण ती नातवंडांनी ग्रहण बघायला कापली होती. राहिला तो २०१२ सालचा, त्यांच्या निवृत्तीच्या वर्षीचा, आमच्याकडचा. स्टाफच्या छातीचा फोटो दरवर्षी काढायची आमची पद्धत, म्हणून तो डेटाबेसमध्ये होता.

"फोटो बाहेर काढायला प्रोग्रॅम कुणाचा वापरलास?" मी विचारलं.

केयूर जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमचाच."

सी भाषेत लिहिलेला, मध्ये मध्ये डेटाबेसशी बोलायच्या एसक्यूएलच्या ओळी घातलेला तो प्रोग्रॅम मी उघडला. फोटो घ्यायला मी मेमरीत चौसष्ट केबीचा, म्हणजे साधारण पासष्ट हजार बाइट्सचा डबा ठेवला होता. डबा भरला की डेटाबेस पुढचं ओतत नाही. खरी लांबी किती होती ते शेजारच्या एका आकड्यात सांगतो, त्याला इंडिकेटर म्हणतात. तो आकडा मी मागितलाच नव्हता. त्यावरून प्रोग्रॅम चाचणीत दर वेळी वॉर्निंग द्यायचा, आणि तेव्हाचे आमचे साहेब वॉर्निंग दिसली की कुरकुरायचे. मग मी काय केलं? वॉर्निंगच बंद केली. झाकली मूठ सव्वा लाखाची! डॉक्टर मंडळी फोटो मशीनवरच बघायची, डेटाबेसमधून कुणी कधी मागितलाच नाही. म्हणून इतकी वर्षं मूठ झाकलेली राहिली.

लाज वाटली. लाज वाटली की मला जास्तच राग येतो.

"भंगारवाल्याला फोन लाव," मी केयूरला म्हटलं. "सांग, शुभा मॅडम मेल्यावर ये."

मग डेटाबेसला सरळ विचारलं, शकुताईंच्या फोटोची लांबी किती? उत्तर आलं, चार लाख अकरा हजार बाइट्स. म्हणजे फोटो आत अख्खा होता! मीच त्याला दारातून अर्धा बाहेर काढत होते.

आत भरायचा प्रोग्रॅम राजारामचा. तो माझ्याहून थोडा मोठा, आता निवृत्त होऊन बोरिवलीला असतो. तो फोटो तुकड्या-तुकड्याने भरायचा, प्रत्येक तुकड्यानंतर मोजायचा, आणि मी त्याला सगळ्यांसमोर गोगलगाय म्हणायचे. आता मलाही तेच करायचं होतं, कारण प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलणारा आमचा जुना कंपायलर चौसष्ट केबीपेक्षा मोठा डबा घेईना. बसले लिहायला. बत्तीस केबीचा तुकडा मागायचा, फाइलीत लिहायचा, पुढचा मागायचा. फोटो निघाला. खालपर्यंत निघाला, पण पट्टे पट्टे, फाटका पडदा टांगावा तसा.

तीनदा तपासलं, चूक सापडेना. शेवटी नाक मुठीत धरून राजारामला फोन केला.

"पुढच्या तुकड्याची सुरुवात कुठून धरतेयस?" त्याने विचारलं.

"बत्तीस हजार सातशे अडुसष्टपासून."

"अगं शहाणे! सी शून्यापासून मोजतं, डेटाबेस एकपासून. पहिल्याच जोडावर एक बाइट दोनदा घेतेयस तू, मग पुढचं सगळं सरकतं. एक मिळव."

"एवढंच?"

"एवढंच. गोगलगायीचं ऐक जरा."

मी एक मिळवला. फोटो अख्खा आला. बरगड्या, हृदयाची सावली, खाली श्वासपटलाच्या दोन्ही कमानी, सगळं स्वच्छ. केयूर "झकास!" म्हणून ओरडला. मी ओरडले नाही. मी उजव्या बाजूला, अगदी खाली, डाग शोधत होते. मला तो हवा होता हो. एवढा आटापिटा केला, तो तिथे असावा म्हणूनच; पण माझ्या डोळ्यांना काही कळेना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर शर्मिष्ठांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. शकुताई समोर बसल्या होत्या, साडीचा पदर बोटाला गुंडाळत.

"तेव्हा नव्हता," डॉक्टर म्हणाल्या. "डाग नवा आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "शकुताई, माफ करा. मला वाटलं होतं मी चांगलं काहीतरी घेऊन येईन."

"माफी कशाची?" त्या जरा चिडूनच बोलल्या. "तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या छातीचे फोटो इकडून तिकडे नेले, शुभाताई. अर्धा फोटो बघून डॉक्टर काय म्हणतात, ते मला माहीत आहे. थांबा म्हणतात." मग डॉक्टरांकडे वळल्या. "अजून वाटाण्याएवढाच आहे ना? मग या आठवड्यातली तारीख द्या."

डॉक्टरांनी कॅलेंडर जवळ ओढलं आणि गुरुवार लिहिला.