लेकीचा भाव

अरविंद गाडीखाली उताणा शिरला, तेव्हा बाहेर फक्त त्याची पावलं राहिली. प्रियाने खळ्यातून गवताची एक काडी आणली आणि बापाच्या तळव्याला लावून पाहिली.

"प्रिये, नको गं," रेश्मा म्हणाली. कडेवरचा ऋत्विक तिच्या मंगळसूत्राशी खेळत होता. तिने ते त्याच्या मुठीतून सोडवलं आणि त्याने पुन्हा धरलं.

"गंज आहे, काका," गाडीखालून आवाज आला.

"असणारच," गणूकाका म्हणाले. कमरेवर हात ठेवून ते बॉनेटपाशी उभे होते, स्वतःचीच तपासणी चालल्यासारखे. "आमच्याकडचा पाऊस काय थोडा हाय? माझ्या गुडघ्यांना बी धरलाय गंज. खाली हायसाच तर ते बी बघून घ्या."

"आणि ऑइल गळतंय."

"गळत नाय जावयबापू, घाट चढून आली की घाम येतो तिला."

खळ्याच्या कडेला बसलेले म्हातारे कुशाबा खोकत हसले. "एवढी तर जावयानं बायको पन बघितली नव्हती."

"बायकोला मीटर नव्हता," शेजारची सोनाबाई म्हणाली आणि सगळेच हसले. रेश्माही हसली. माहेरी आल्यावर जसं हसायचं असतं तसं.

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणारा घाटरस्ता सोडून आत वळलं, की एक रस्ता चढत, मोडत, पुन्हा चढत जातो आणि रेश्माच्या माहेरच्या वाडीत येऊन संपतो. त्याच्या टोकाशी, गणूकाकांच्या दारात ही गाडी वर्षानुवर्षं उभी असायची. उंच, रुंद, कधीकाळी पांढरी. आता तिचा रंग उकडीच्या तांदळासारखा झाला होता. मीटर तीन लाखांच्या पुढे गेला होता आणि तो आकडा गणूकाका लपवत नव्हते. उलट काचेवर बोट ठेवून दाखवत होते. फिरवायचाच असता तर त्यांनी मागे फिरवला असता, पुढे कशाला?

त्यांना ती विकायची होती कारण त्यांचे डोळे गेले होते. मोतीबिंदू काढला, तरी समोरून लाइट आला की रस्त्याचे दोन रस्ते होत. मुलगा सयाजी मुंबईत होता. त्याला इथे येऊन घाटात गाडी चालवायची नव्हती आणि वाडीत जे उरले होते त्यांच्यापैकी कुणाला ती येत नव्हती.

आणि रेश्माला ती हवी होती. प्रियाच्या पायासाठी.

दिवाळीच्या आधी महाडजवळ हायवेच्या कडेला खडीवर मोटारसायकल घसरली. चौघंही तिच्यावर होती. फार काही झालं नाही, असं सगळे म्हणाले. अरविंदचं कोपर सोललं आणि प्रियाची पोटरी सायलेन्सरला चिकटली. जखम भरली, पण भाजल्या पापडासारखा सुरकुतलेला एक चट्टा मागे राहिला. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. रेश्मा कुणालाच काही म्हणाली नाही. पडताना तिचे दोन्ही हात ऋत्विकभोवती गेले होते. दोन्ही. एकही प्रियाकडे गेला नव्हता. प्रियाला आंघोळ घालताना त्या चट्ट्यावर साबण लावायची वेळ आली, की रेश्मा तांब्यात पाणी घ्यायला वळे.

त्यानंतर तिने स्वतःच आईला फोन केला होता. गणूकाका गाडी विकतायत, पनवेलचं गिऱ्हाईक दोनदा बघून गेलंय, हे आईकडूनच तिला कळलं होतं. "त्यांना थांबायला सांग," ती म्हणाली होती. दुसऱ्याच दिवशी सोनाबाईचा फोन आला. "बरं झालं गो बाय! गाडी घरातच राहिली म्हनायची. आता कुनाला काय झालं की तुलाच फोन लावायचा."

"लावा की," रेश्मा म्हणाली होती. दुसरं काय म्हणणार?

खरं म्हणजे तेव्हाच सांगायला हवं होतं. हप्ता नुसत्या पगारातून निघणारा नव्हता. अरविंद महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात कामाला होता, तिथल्या ठेकेदाराशी त्याचं बोलणं झालं होतं. पोलादपूरकडच्या कामगारांना शिफ्टला न्यायचं आणि आणायचं. ड्रायव्हर ठेवायचा. गाडी दिवसाही बांधलेली आणि रात्रीही. तिन्ही शिफ्ट. वाडीचा फोन आला तरी ती हलणार कुठून?

वाडीला ठेकेदार ठाऊक नव्हता. अरविंदला सोनाबाईचा फोन ठाऊक नव्हता. दोन्हीकडचं तेवढं रेश्माला ठाऊक होतं.

अरविंद गाडीखालून निघाला. पाठ झाडत बाजूला येऊन हळूच म्हणाला, "इंजिन चांगलं आहे. पनवेलवाल्याच्या पुष्कळ खाली देतायत. का?"

"माहेरची आहे म्हणून."

"तेवढ्यासाठी कुणी सोडत नाही. काहीतरी दडवतायत."

रेश्माने ऋत्विकचं नाक पुसलं. ते वाहत नव्हतं.

मग गाडी चालवून बघायला ते खालच्या ओढ्यापर्यंत गेले. चाकावर अरविंद, शेजारी गणूकाका, मागे रेश्मा आणि पोरं. मागचा एक बाक गणूकाकांनी असा बसवून घेतला होता की खिट्टी काढली की आडवा होई आणि माणूस त्यावर झोपू शके. डोक्यावर, टपाला आतून, जाड तारेचा एक हुक होता. प्रिया बाकावर उभी राहून त्याला लोंबकळायला बघत होती.

"हा कशाला, काका?" अरविंदने आरशातून पाहत विचारलं.

"सलाईनला. पहिल्यांदा रेश्मासाठीच लावला होता. ही बाय," त्यांनी मागे वळून प्रियाचा गाल धरला, "महाडच्या दवाखान्यात पोचेस्तवर थांबली हे नशीब. नाय तर आज तिला गाडीचंच नाव ठेवायला लागलं असतं."

अरविंद हसला. "काढून टाकू तो. डोक्याला लागेल कुणाच्या."

गणूकाका समोर बघू लागले. "काढा की. तुमची गाडी."

ते परत आले तेव्हा खळ्यात वाडी जमली होती. जमली म्हणजे किती? म्हातारी माणसं, दोन सुना, एक शाळेत न गेलेलं पोर. कुशाबा गाडीच्या दाराची मूठ हाताने चाचपत होते. मुठीला कुणीतरी जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती, उन्हात चटका बसू नये म्हणून. "माझी म्हातारी ह्या दाराशी बसायची," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "तिला खिडकी लागायची."

"काय मग?" अरविंदने रेश्माला बाजूला घेतलं. "घ्यायची ना? तू सांग. तुझं माहेर आहे, उद्या मला बोल लावू नको."

प्रिया खळ्यातल्या पेंढ्यावर घसरगुंडी करत होती. फ्रॉक वर गेला की चट्टा दिसे, खाली आला की झाकला जाई.

"घेऊ," रेश्मा म्हणाली.

इसार तिच्याच हाताने द्यायचा असं ठरलं. तिने पाकीट पुढे केलं, गणूकाकांनी ते न उघडता कपाळाला लावलं आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. "आजच न्या. कागद होतील मागाहून. लेकीला कसला कागद?"

"फोन चालू ठेव हां गो!" सोनाबाई ओरडली आणि पदर तोंडाला लावून हसली.

रेश्माने मान हलवली. किल्ली गरम होती. गणूकाकांनी ती बराच वेळ मुठीत धरली असावी.

वाडीची रीत अशी, की दावणीचं जनावर असो की गाडी, बाहेर जाताना देवीच्या दारावरून जायची. नव्या मालकिणीने देवळामागच्या कुंडातलं पाणी चाकांवर घालायचं, मग नारळ. अरविंद गाडी देवळाकडे वळवत होता तोवर रेश्मा ऋत्विकला घेऊन पाण्याला मागे गेली.

देवळाच्या मागच्या पडवीत, वाशांवर, डोलीचा दांडा असे. लांब, सरळ, पुऱ्या वाढीचा कळक. त्याला घोंगडी बांधायची, तिच्यात दुखणाइताला घालायचं, चौघांनी खांद्यावर घ्यायचं आणि डोंगर उतरायचा. रस्ता झाला, गणूकाकांची गाडी आली आणि दांडा वर गेला तो गेलाच. रेश्माने त्याचा शेवटचा प्रवास पाहिला होता. त्यात तिचे वडील होते. त्यांच्या चपला हातात घेऊन ती मागून धावत होती, खाली उतरल्यावर त्यांना लागतील म्हणून. त्या चपला तिने परत वर आणल्या होत्या.

आज वाशांवर काही नव्हतं.

दांडा खाली, उन्हात, भिंतीला टेकवलेला होता. घासून पुसून त्याला तेल लावलं होतं. दोन्ही टोकांना दोर होता, नवाकोरा, पिवळाधमक, बाजारातल्या दुकानाचा वास अजून न गेलेला. शेजारी दगडावर एक जाड गोधडी वाळत होती. चार पदरी, कडेने दुहेरी टाके. तिच्यात एक मोरपंखी तुकडा होता. तो रेश्माच्या कॉलेजच्या ड्रेसचा होता.

तिची आई, ठकूबाई, कुंडातून तांब्या भरून वर येत होती. लेकीला तिथे बघून ती थांबली. मग काही नसल्यासारखी पुढे आली.

"वाळवी लागते गो," ती म्हणाली. "ऊन दाखवायला काढलाय."

रेश्माने दोराला हात लावला. "दोर पण ऊन दाखवायलाच आणलास?"

ठकूबाईने तांब्या खाली ठेवला आणि ऋत्विकला तिच्या कडेवरून स्वतःच्या कडेवर घेतलं. तो तिच्या कानातल्या बुगडीकडे झेपावला. तिने मान कलती करून त्याला ती धरू दिली.

"तुला कुणी सांगितलं?" रेश्माने विचारलं.

"काय सांगायला पायजे? हप्त्याची गाडी दारात उभी ठेवायला कुनाला परवडतंय? ती कामाला लागनारच." ठकूबाई खाली बघत राहिली. "ह्या डोळ्यांनी पोरीचा पाय बघितलाय मी."

"मग सोनामावशी फोनवर... घरातच राहिली म्हणून..."

"मीच म्हटलं तिला, तसं बोल. नाय तर तू घेतली नसतीस."

पुढून अरविंदने हॉर्न वाजवला. जुना, घसा बसलेला हॉर्न. वाडीतलं प्रत्येक माणूस तो ओळखत होतं.

"सगळ्यांना ठाऊक आहे?"

"सगळ्यांना म्हंजे कुनाला? आमी हावोत किती?" ठकूबाईने तांब्या उचलून तिच्या हातात दिला. "चल. पानी घाल. जावई खोळंबलेत. आन तोंड पूस आधी."

रेश्माने चारी चाकांवर पाणी घातलं. थोडं तिच्याच पायावर सांडलं. कुशाबांनी नारळ फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा प्रियाला मिळाला. सोनाबाईने नव्या तांदळाची पिशवी आत दिली. ठेवायला जागा शोधत प्रियाने ती वरच्या हुकाला अडकवली आणि आपल्या युक्तीवर खूश होऊन टाळ्या पिटल्या. गणूकाका शेवटपर्यंत गाडीजवळ आले नाहीत. ते खळ्यातच उभे राहून पायाने पेंढा गोळा करत होते. गाडी हलली तेव्हा मात्र त्यांनी डोळ्यांवर हात धरला. किती दिसलं कोण जाणे.

ओढा गेला. पहिलं वळण गेलं. अरविंदला गाडी आवडली होती, ते त्याच्या खांद्यांवरूनही कळत होतं. प्रिया मागच्या बाकावर आडवी झाली आणि पाय पुढच्या दोन सीटच्या मधून तिने आईच्या बाजूला सोडले.

"मी उगाच संशय घेतला," अरविंद म्हणाला. "काहीच निघालं नाही. सरळ माणसं आहेत गं तुझ्याकडची. मला वाटलं होतं, काहीतरी नक्की दडवलंय."

"दडवलंय," रेश्मा म्हणाली.

"काय?"

"त्यांनी नाही. मी."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग आरशात, मग पुन्हा तिच्याकडे. समोरच्या वळणाखाली पोलादपूरची पत्र्याची छपरं उन्हात चमकत होती. मागे, वर, वाडी अजून दिसत होती. अरविंदने गाडी डोंगराच्या कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

"सांग," तो म्हणाला.

इंजिन त्याने बंद केलं नाही. हुकाला लटकलेली पिशवी एकदा पुढे, एकदा मागे झाली आणि स्थिर झाली. रेश्माने ऋत्विकला एका हातावर नीट घेतलं. दुसरा हात बाजूला नेला, प्रियाची पोटरी धरली, नेमकी तो चट्टा होता तिथेच, आणि बोलायला सुरुवात केली.