रिकाम्या पेटीतला उंदीर

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. प्रयोगशाळेतल्या एका आडव्या दांडीला मला खाली रोखून टांगलेलं आहे. खाली एक उघडी पेटी आणि पेटीत पांढरा उंदीर, एवढंच माझं जग. पण आज तिथे जे पाहिलं, त्याने मी अजून हादरलेलो आहे.

कारखान्यात माझं भिंग बसवलं गेलं तेव्हा वाटायचं, आपल्याला डोंगर दिसतील, समुद्र दिसेल. नशिबी आली उंदरांची धावपळ! हळूहळू मात्र तिचीच गोडी लागली. मी टिपलेलं चित्र संगणकाकडे जाई आणि उंदीर किती पळाला, कुठे थांबला, हे तो सांगे. संशोधक ताई माझी फार काळजी घेत. पेटीत सावली पडू नये असे दिवे लावत, पांढरा उंदीर उठून दिसावा म्हणून काळी चटई अंथरत. माझं चित्र लख्ख येई आणि सगळे माझं कौतुक करत.

पुढे सगळ्यांना आलेखांचंच वेड लागलं. माझं चित्रण कुणी उघडूनही पाहीना. माझ्यावर धूळ साचली. मला फार वाईट वाटे.

अशातच भीती घालवणाऱ्या एका औषधाची चाचणी सुरू झाली. आज ती पाहायला पाहुणे येणार होते. सकाळीच मोठे सर म्हणाले, "ती कळकट चटई काढा हो! आणि तो दिवा सरकवा जरा, फोटो चांगले येतील."

"सर, पण उंदीर दिसणार नाही नीट," ताई म्हणाल्या.

"काही होत नाही, मॅडम. संगणक हुशार आहे आपला."

पांढऱ्या तळावर पांढरा उंदीर हरवून गेला. दिवा सरकल्यामुळे माझीच काळी सावली पेटीच्या कोपऱ्यात पडली, आणि जे उठून दिसेल तो उंदीर, एवढंच ठाऊक असलेल्या हुशार संगणकाने तिलाच उंदीर मानलं! माझा विश्वासच बसेना. ओरडावं, तर मला तोंड कुठे आहे?

औषध दिलेला उंदीर पेटीत सोडून ताई बाहेर गेल्या. ताई त्याला लाडाने 'घाबरट' म्हणत. थोड्याच वेळात तो भिंतींवर धडका देऊ लागला, कोपरे ओरबाडू लागला. पलीकडच्या खोलीत पाहुण्यांसमोरच्या पडद्यावर फक्त आलेख होता, आणि तो अगदी सपाट; उंदराची जागा दाखवणारा ठिपका कोपऱ्यात स्थिर. सरांचा आवाज ऐकू आला, "पाहिलंत? भीती पार पळाली! उद्यापासून सगळ्या उंदरांना दुप्पट औषध देऊ."

दुप्पट!

ताई घाबरटला न्यायला आत आल्या. त्यांनी त्याला उचललं. त्याच्या नखांतून रक्त येत होतं.

"मॅडम, राहू द्या त्याला पेटीत अजून थोडा वेळ," पलीकडून सर म्हणाले. "बघा ना, किती शांत बसलाय!"

"कोण बसलंय, सर?"

"उंदीर हो! कोपऱ्यात."

"सर, उंदीर माझ्या हातात आहे."

सर दारात आले. त्यांनी रिकामी पेटी पाहिली, मग ताईंच्या ओंजळीत थरथरणारा जीव पाहिला. पडद्यावर अजूनही उंदीर शांतच होता.

सरांनी औषध तिथल्या तिथे थांबवलं. घाबरट आता पाणी पितोय. ताईंनी माझी धूळ पुसली, चटई परत अंथरली आणि आजचं सगळं चित्रण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पाहताना त्या रडल्या.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, पण आमच्यावर सगळं सोपवून पाठ फिरवू नका. आलेख कितीही सुंदर असो, एकदा पेटीत वाकून पाहा. आत कुणीतरी जिवाच्या आकांताने धावत असेल.