गेशेची उंच ताडपत्री

हिन्नर्क ओल्टमान्सने जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर, समुद्राच्या बांधावर, छत्तीस वर्षं नोकरी केली. पाणी किती चढलं, बांध कुठे खचला, वारा कुठून वळला हे बघत सायकलवरून हिंडायचं, एवढंच काम. त्यामुळे वाऱ्याबद्दल आपल्याला जेवढं कळतं तेवढं खुद्द वाऱ्यालाही कळत नसावं, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. त्याच वाऱ्याने मार्च महिन्यात भर रस्त्यात त्याची शोभा केली.

कुंपणाची छाटलेली झुडपं आपल्या छोट्या ट्रेलरमध्ये भरून तो ती टाकायला निघाला होता. उघडा माल न्यायला बंदी, म्हणून त्यावर त्याने न्हाणीघरातला जुना पडदा बांधला होता, डॉल्फिनच्या चित्रांचा. चर्चजवळच्या वळणावर पडदा सुटला, उडाला आणि मागून येणाऱ्या पास्टर वुबेना बाईंच्या गाडीच्या काचेवर जाऊन चिकटला. बाईंनी वेळीच ब्रेक दाबला म्हणून निभावलं. पण रविवारी प्रार्थना संपल्यावर, दारात उभं राहून सगळ्यांशी हात मिळवता मिळवता, बाईंनी धुऊन, इस्त्री करून, नीट घडी घातलेला तो पडदा सगळ्या गावादेखत हिन्नर्कच्या हातात ठेवला.

"हे तुमचं, ओल्टमान्स. डॉल्फिन छान आहेत हो."

त्याची बायको गेशे घरी येईपर्यंत हसू दाबून चालत होती. दारात आल्यावर म्हणाली, "आता ताडपत्री आणायची. खरीखुरी."

हे त्यालाही मान्य होतं. भांडण पुढे सुरू झालं. हिन्नर्कला हवी होती सपाट ताडपत्री, ट्रेलरच्या काठाला काठ लावून घट्ट ताणलेली. गेशेला हवी होती उंच, लोखंडी कमानींवर चढवलेली, खोलीसारखी. ती जुन्या खुर्च्या आणून, रंगवून बंदरावरच्या शनिवारच्या बाजारात विकायची आणि दर दुसऱ्या शनिवारी पाऊस तिचा रंग घालवायचा.

"सपाट कशी असते ते फोक्कोची बघून कळतंय," ती शेजाऱ्याच्या ट्रेलरकडे बोट दाखवून म्हणाली. "पाणी साचून तळं झालंय. परवा त्यात बदक बसलं होतं."

"बदकाला अक्कल आहे. उंच ताडपत्रीवर बसलं असतं तर ताडपत्रीसकट डेन्मार्कला पोचलं असतं."

"बरं झालं असतं. तुझं वाऱ्याचं पुराण तरी ऐकावं लागलं नसतं."

तीन आठवडे हिन्नर्कने माहितीपत्रकं वाचली. थंडीत लोखंड आक्रसतं म्हणून त्याने तीन वेगवेगळ्या दिवशी ट्रेलर मोजला, मिलिमीटरपर्यंत. मग एका सकाळी दोघं औरिख शहरातल्या ट्रेलरच्या दुकानात गेले. दुकानातल्या डिर्क्सन बाईंनी पेन उघडलं.

"मॉइन," बाईंनी तिकडच्या रिवाजाने नमस्कार केला. "माप सांगा."

हिन्नर्कने खिशातून कागद काढून आकडे खणखणीत वाचले.

"हे आतलं झालं की बाहेरचं?"

हिन्नर्कने कागद उलटून मागची बाजूही बघितली. तिन्ही दिवस त्याने आतूनच मोजलं होतं.

"ताडपत्री बाहेरून बसते हो," बाई हळूच म्हणाल्या, जणू कुणी आजारी असावं.

गेशेने पर्स उघडली. तिच्याकडे एक चिठ्ठी होती. शिवणकामाच्या टेपने घेतलेलं बाहेरचं माप, कड्यांमधलं अंतर, हूक किती, सगळं त्यात होतं.

"हे कधी मोजलंस?" हिन्नर्कने विचारलं.

"तू लोखंड गार व्हायची वाट बघत होतास तेव्हा."

त्यानंतर सपाट ताडपत्रीची बाजू मांडायला त्याच्या तोंडात जोर उरला नाही. तरी त्याने वाऱ्याचा मुद्दा काढलाच. डिर्क्सन बाई म्हणाल्या, "वारा इथे सगळ्यांनाच आहे. गाडीपासून ट्रेलर सोडलात की चाकांना ठोकळे लावा आणि मागचा पडदा वाऱ्याच्या तोंडावर उघडा ठेवू नका. बास." रंग तरी राखाडी घेऊ, असं तो म्हणाला. घरी टोमॅटोसारखी लालभडक ताडपत्री आली.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी गेशेने बंदरावर, गाडीपासून सोडवलेल्या ट्रेलरमध्ये दुकान मांडलं. सहा रंगीत खुर्च्या बाहेर आणि एक हिरवी आरामखुर्ची आत, तिच्यासाठी. छोट्या स्टोव्हवर चहा झाला, तशी तिने स्टोव्ह विझवला, कपात खडीसाखर टाकली, वर साय सोडली आणि बैठक मारली. हिन्नर्कला वाटलं, ट्रेलर थोडा फिरवला तर बाजारातून येणाऱ्यांना आतलं नीट दिसेल. त्याने दोन्ही ठोकळे काढले, गेशेसकट ट्रेलर फिरवला, आणि ठोकळे परत लावणार एवढ्यात फोक्को आला.

"काय रे, तू तर उंच ताडपत्रीच्या विरोधात होतास ना?"

असा प्रश्न विचारणारा माणूस देवच धाडतो. हिन्नर्क ताठ उभा राहिला आणि दोन्ही हातांत दोन ठोकळे धरून त्याने फोक्कोला वारा समजावून सांगायला घेतला. हा ठोकळा म्हणजे वारा. हा ठोकळा म्हणजे ताडपत्री. वारा असा आला, ताडपत्रीने असा पोटात धरला, की मग...

"हिन्नर्क," फोक्को म्हणाला, "तुझी बायको निघाली."

मागचा पडदा नेमका पश्चिमेकडे उघडा होता. एक झोत आत शिरला, ताडपत्री टम्म फुगली आणि ट्रेलर बांधाखालच्या उतारावरून ऐटीत चालू लागला. आत हिरव्या खुर्चीत गेशे, हातात कप.

समोरून बोसेलवाले येत होते, म्हणजे कुणाचा गोळा सगळ्यात लांब जातो ते बघत रस्त्यावरून गोळे लोटणारे खेळाडू, हातगाडीवर दारूच्या बाटल्या घेऊन. त्यांच्या झेंडेवाल्याला वाहनं अडवायची सवय होती. त्याने झेंडा उंचावून आपल्या मागून येणारी एक गाडी थांबवली आणि बाकीच्यांनी कडेला होत ट्रेलरला वाट करून दिली. गेशेने त्यांना कप उंचावून नमस्कार केला. लाल ताडपत्री पुढे गेली, रस्ता सोडून हिरवळीवर उतरली आणि कोळ्यांच्या वाळत घातलेल्या जाळ्यांच्या ढिगात जाऊन अलगद रुतली.

"किती?" एकाने विचारलं.

दुसऱ्याने पावलं मोजली. "एकशे चौऱ्याऐंशी! या मोसमातला सगळ्यात लांब!"

हिन्नर्क धापा टाकत पोचला. आधी त्याने चाकांखाली ठोकळे ठोकले, दोन्हीकडे, बुटाने तीन-तीन वेळा. मग आत डोकावला.

"गेशे! लागलं का गं?"

"चहा सांडला. थोडासा, बशीत."

तो आत चढला आणि ट्रेलरच्या फळीवर मटकन बसला. एवढ्या वर्षांत समुद्राच्या लाटांनी त्याची अशी अवस्था केली नव्हती.

"मी फोक्कोला वाऱ्याबद्दल सांगत होतो," तो म्हणाला.

"काय सांगितलंस?"

"उंच ताडपत्री वारा धरते."

"धरते खरी," गेशे म्हणाली. "तुझंच बरोबर होतं."

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्याला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. त्याने तिचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तोवर निम्मा बाजार जाळ्यांभोवती जमला होता. बोसेलवाल्यांनी मागे राहिलेल्या सहाही खुर्च्या हातगाडीवरून आणून दिल्या. प्रत्येकाला त्यांतली एक घरी न्यायची होती, आणि त्यातल्या चौघांना तर ती हिरवीच हवी होती. गेशेने सहा विकल्या. हिरवीला मात्र हात लावू दिला नाही.

दुपारी पाऊस आला, चांगला आडवा, बंदरावरचा. बाजारातली माणसं छत्र्या सावरत पळाली. हिन्नर्कने मागचा पडदा खाली ओढला, सगळ्या दोऱ्या हुकांत अडकवल्या आणि तिच्या पायाशी पाठ टेकून बसला. डोक्यावर लाल कापड तडतडत होतं. त्याने वर बघितलं, कोपरे चाचपले, शिवणीवरून बोट फिरवलं.

"आत कोरडं आहे," तो म्हणाला.

गेशेने त्याच्यासाठी कपात खडीसाखर टाकली.