साडेतीन लिहिलेला जबडा

मी एक जबडा बोलतोय. हयातभर नुसता चघळत आलो; बोलायची सवड मेल्यावर मिळाली. टेक्ससमध्ये, लानो नदीकाठच्या एका शिकारघरात, हरणांचं वय ताडायला ठेवलेल्या जबड्यांच्या फळीवर मी टांगलेला आहे. माझ्यावर शाईनं लिहिलंय, ‘वय साडेतीन’. ते साफ चूक आहे.

पांढऱ्या शेपटीच्या एका नर हरणाच्या तोंडात मी वाढलो. काय दिवस होते ते! ओढ्याकाठचं कोवळं गवत आणि लिओनाबाईंच्या परसातली पिकलेली पीच. बाई ती मुद्दाम कुंपणाबाहेर टाकायच्या आणि नवऱ्याला सांगायच्या, वाऱ्यानं पडली. असल्या मऊ खाण्यावर दाढा झिजणार कशा?

त्यांचे यजमान अल्विन या रानाचे मालक. नियम त्यांचाच होता: पाच वर्षांखालचा नर मारायचा नाही. मारला, तर पुढचा अख्खा हंगाम बंदुकीला हात लावायचा नाही. लांबून हरीण बघून वय सांगावं ते अल्विननीच. त्या नोव्हेंबरात त्यांनी आम्हाला बराच वेळ न्याहाळलं. खाली झुकलेली पाठ, सुटलेलं पोट, जाडजूड मान. “सहाच्या वर आहे,” असं पुटपुटून त्यांनी चाप ओढला. खरंच साडेसहाचे होतो हो आम्ही!

पण मारलेल्या हरणाचं वय ठरवतात ते दाढांच्या झिजेवरून. संध्याकाळी मला सोडवून दाढा पाहिल्या, तर त्या जेमतेम झिजलेल्या.

“साडेतीन!” त्यांचा मित्र रूडी म्हणाला. “काय रे अल्विन, चष्मा घरी विसरलास की डोळेच?”

सगळे हसले. अल्विन हसले नाहीत.

“फाटक्या कानाचा आहे तो,” लिओनाबाई म्हणाल्या. “पाडस होता तेव्हापासून ओळखते मी त्याला. साडेसहाचा आहे.”

“दाढांपुढे आपलं काय चालतंय, लिओना? नियम म्हणजे नियम.”

त्यांनी स्वतःच माझ्यावर आकडा लिहिला. चाळीस वर्षं ज्या नजरेवर विसंबले, तिच्यावरचा त्यांचा भरवसा उडाला. मला फार वाईट वाटलं, पण तेव्हा मला कंठ फुटला नव्हता.

पुढचा हंगाम ते घरी बसले. त्यानंतरच्या मार्चमध्ये गेले.

यंदा त्यांची नात टेसा हिनं माझा पुढचा एक दात काढून प्रयोगशाळेत पाठवला. झाडाच्या खोडात असतात तशा दाताच्या मुळातही वर्षावर्षाच्या रेघा असतात म्हणे. उत्तर आलं, साडेसहा.

“आजी, आजोबांचं बरोबर होतं गं!” टेसाला रडू आवरेना. “त्यांचा शेवटचा हंगाम उगाच वाया गेला. खोडते मी हा आकडा.”

लिओनाबाईंनी मला तिच्या हातातून काढून घेतलं.

“खबरदार! त्याचं अक्षर आहे ते. आणि वाया कसला? बेचाळीस वर्षांच्या संसारात तेवढा एक हंगाम तो माझ्याजवळ होता. रोज सकाळी पॅनकेक करपवायचा आणि मला विचारायचा, कसा झालाय.”

“मग तू काय सांगायचीस?”

“सांगते काय! अजून एक मागायचे.”

तेव्हा शिकारी मंडळींनो, एक विनंती. हरणाचं वय ठरवायला या फळीवरचे बाकीचे जबडे बघा. माझ्या नादी लागू नका, फसाल. मी आपला साडेतीनचाच बरा.